नवं संसद भवन, जुनं संसद भवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९ सप्टेंबर २०२३, गणेश चतुर्थी. आपल्याकडे घराघरांत गणपती बसत होते, त्याच दिवशी दिल्लीत खासदार जुन्या गोल संसद भवनातून चालत शेजारच्या नव्या इमारतीत गेले. आरत्या-नैवेद्याच्या गडबडीत अनेकांकडून तो प्रसंग पाहायचा राहून गेला. नंतर मात्र प्रश्न येत राहिले. शाळकरी मुलांचे, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे, दिल्लीच्या सहलीला निघालेल्या मंडळींचे. तेच इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

धडधाकट उभी असलेली इमारत सोडायची गरजच काय होती?

गरज खरी होती, असं माझं मत आहे, आणि ती एका सरकारला किंवा एका पक्षाला वाटलेली नव्हती. २०१२ साली मीरा कुमार लोकसभेच्या अध्यक्ष असताना त्यांच्या कार्यालयाने नव्या इमारतीची मागणी लेखी मांडली होती. डिसेंबर २०१५ मध्ये सुमित्रा महाजन यांनी अध्यक्ष म्हणून त्याच मागणीचं पत्र केंद्रीय नगरविकास मंत्र्यांना लिहिलं. (महाजन तेव्हा खासदार इंदूरच्या, पण जन्म चिपळूणचा.) पुढे ओम बिर्ला यांच्या काळात काम प्रत्यक्षात आलं.

अडचणी जागेच्या होत्या आणि सुरक्षेच्याही. लोकसभेत पहिल्या दोन रांगा सोडल्या, तर मागच्या खासदारांपुढे कागद ठेवायला मेज नव्हतं. सेंट्रल हॉलमध्ये ४४० जणांची सोय, आणि दोन्ही सभागृहांचे सदस्य मिळून ७८८. म्हणजे संयुक्त बैठकीला जादा खुर्च्या मांडून वाट अडवायची. इमारत बांधली तेव्हा एसी नव्हता, सीसीटीव्ही नव्हते, संगणकाच्या तारा नव्हत्या. हे सगळं नंतर जमेल तसं भिंतींतून, छतातून ओढलं गेलं. आग लागली तर काय, हा प्रश्न कायम डोक्यावर होता. शिवाय बांधकामाच्या वेळी दिल्लीचा भूकंपाचा धोका जितका मानला जाई, त्यापेक्षा आज तो वरचा मानला जातो. दिल्ली आता झोन चारमध्ये येते.

मग जुनी इमारत पाडली का?

नाही. ती जागच्या जागी उभी आहे. स्थलांतराच्या दिवशीच तिला ‘संविधान सदन’ हे नाव मिळालं.

जुनी इमारत कुणाची, कधीची? त्याआधी कामकाज कुठे चालायचं?

एडविन लुट्येन्स आणि हर्बर्ट बेकर या ब्रिटिश वास्तुरचनाकारांची. १२ फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते पायाभरणी आणि १८ जानेवारी १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन. खर्च ८३ लाख रुपये. बाहेरच्या व्हरांड्याला १४४ खांब, आत जायला १२ दरवाजे.

तेव्हा तिचं नाव होतं ‘काउन्सिल हाउस’. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी केंद्रात दोन सभागृहं आली, म्हणून ती बांधावी लागली. त्याआधीचं कामकाज उत्तर दिल्लीतल्या जुन्या सचिवालयात चाले. तिथे आज दिल्लीची विधानसभा भरते. म्हणजे ज्या इमारतीला आपण ‘जुनी’ म्हणतो, तीही कधीकाळी एका जुन्या जागेच्या बदल्यात आलेली नवी इमारतच होती.

जुनी गोल होती, नवी त्रिकोणी का?

सरळ कारण म्हणजे जागा त्रिकोणी आहे. जुन्या भवनाशेजारचा उरलेला भूखंड तीन कोनांचा, त्यात जास्तीत जास्त जागा वापरायची तर इमारतही तशीच होणार. वास्तुरचनाकार बिमल पटेल यांच्या अहमदाबादच्या एचसीपी संस्थेने आराखडा केला.

यात मला एक गोष्ट फार आवडते. शंभर वर्षांपूर्वी बेकर यांनी काउन्सिल हाउससाठी पहिल्यांदा जो आराखडा सुचवला होता, तोच मुळी त्रिकोणी होता. तीन बाजूंना तीन सभागृहं आणि मधे घुमट. लुट्येन्स गोल आकारावर अडून बसले आणि समितीने त्यांचं ऐकलं. बेकर यांचा बाजूला पडलेला आकार शंभर वर्षांनी, वेगळ्या हातांनी आणि वेगळ्या कारणाने, त्याच आवारात उभा राहिला.

जुनं भवन मुरैनाजवळच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून घेतलं, हे खरं का?

मितावलीचं ते मंदिर गोल आहे, त्याला खांबांची ओवरी आहे, आणि फोटो शेजारी ठेवले तर साम्य डोळ्यांत भरतं. पण साम्य दिसलं म्हणजे उसनवारी सिद्ध होत नाही. गोल आकारामागची नोंदलेली हकीकत लुट्येन्स-बेकर वादाचीच आहे. परीक्षेत ‘मंदिरावर आधारित’ असं ठामपणे लिहू नका.

जुन्या इमारतीसाठी लोक इतके का हळहळतात? शेवटी ती इंग्रजांनीच बांधली ना?

बांधली इंग्रजांनी. पण तिच्यात जे घडलं ते आपल्या माणसांनी घडवलं.

८ एप्रिल १९२९. मध्यवर्ती विधिमंडळाची बैठक सुरू, अध्यक्षस्थानी विठ्ठलभाई पटेल. प्रेक्षकांच्या गॅलरीतून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मोकळ्या जागेत बॉम्ब टाकले, पत्रकं उधळली आणि पळून न जाता स्वतःला अटक करवून घेतली. तेच दालन पुढे आपल्या लोकसभेचं झालं.

मधलं गोल दालन आधी वाचनालय होतं. त्याचा सेंट्रल हॉल झाला आणि ९ डिसेंबर १९४६ ला तिथे घटना समितीची पहिली बैठक बसली. १४ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र तिथलीच. अकरा अधिवेशनं, १६५ दिवसांचं कामकाज, एकेका कलमावरची चर्चा, सगळी त्या घुमटाखाली. २५ नोव्हेंबर १९४९ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे उभे राहून म्हणाले की, राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि हा विरोधाभास लवकर मिटवला नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही सगळी रचनाच उधळून लावतील. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली गेली. २४ जानेवारी १९५० ला सदस्यांनी तिच्यावर सह्या केल्या, त्याही तिथेच.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. संस्थानिकांसाठी बांधलेल्या ‘चेंबर ऑफ प्रिन्सेस’मध्ये २८ जानेवारी १९५० ला सर्वोच्च न्यायालय सुरू झालं आणि १९५८ पर्यंत ते तिथेच बसत होतं. कायदे करणारे आणि कायद्याचा अर्थ लावणारे आठ वर्षं एकाच छपराखाली होते.

मराठी माणसाला आणखी एक धागा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. कर्मभूमी अहमदाबाद, घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. अध्यक्षाने कसं वागावं, याचे बरेचसे पायंडे त्यांनी त्या गोल इमारतीत पाडले. पुढे शिवराज पाटील आणि मनोहर जोशीही त्याच खुर्चीत बसले.

नव्या इमारतीत सेंट्रल हॉल आहे का?

नाही. संयुक्त बैठकीची सोय लोकसभेच्याच सभागृहात केली आहे. तिथे १,२७२ जण बसू शकतात. राष्ट्रपतींचं दोन्ही सभागृहांपुढचं अभिभाषण ३१ जानेवारी २०२४ ला पहिल्यांदा नव्या लोकसभेत झालं.

नव्या इमारतीत मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती इथे. सेंट्रल हॉल फक्त समारंभापुरता नव्हता. अधिवेशन चालू असताना, सभागृहात नुकतेच एकमेकांवर तुटून पडलेले खासदार तिथे येऊन एकाच बाकावर चहा-टोस्ट घ्यायचे. पहिल्यांदा निवडून आलेला खासदार माजी मंत्र्याशेजारी जाऊन बसू शकायचा. ज्येष्ठ पत्रकारांनाही तिथे प्रवेश असायचा, आणि विधेयकाच्या अडलेल्या कलमावर तोड निघण्याची सुरुवात कित्येकदा त्या गप्पांतून व्हायची. भिंतींवर लोकमान्य टिळकांपासून आंबेडकरांपर्यंतच्या तसबिरी. नव्या भवनात खासदारांसाठी लाउंज आहे, उपाहारगृह आहे, मधल्या अंगणात वडाचं झाड आहे. पण दोन्ही सभागृहांच्या आणि सगळ्या पक्षांच्या लोकांना येता-जाता वाटेत लागणारी अशी एक बसायची जागा त्यांतून होत नाही. आराखडा करताना जागांचा हिशेब झाला, तसा या बैठकीचाही व्हायला हवा होता.

लोकसभेत खासदार ५४३, मग खुर्च्या ८८८ कशाला?

पुढची सोय म्हणून. राज्यसभेतही २४५ सदस्यांसाठी ३८४ आसनं आहेत. पण या आकड्यामागे जे आहे ते समजून घ्यायला हवं, कारण महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

लोकसभेच्या जागांचं राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबवलं गेलं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते २००० पर्यंत गोठवलं, आणि ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कारण रास्त होतं : कुटुंब नियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत. पण मधल्या काळात माणसं वाढतच राहिली. १९७१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख, त्यावरून ठरलेल्या जागा ४८. म्हणजे एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसं. २०११ ला लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, जागा त्याच ४८. म्हणजे एका खासदारामागे २३ लाखांहून जास्त. शेजारच्या गोव्यात १४ लाख ५९ हजार माणसांना दोन खासदार, म्हणजे एकामागे सव्वासात लाखांच्या आसपास.

तुमच्या खासदाराला गाठणं अवघड का झालंय, याचं एक कारण या भागाकारात आहे. ठाणे, पुणे, नाशिककडच्या वाढत्या मतदारसंघांत तर ते जास्तच जाणवतं.

मात्र खुर्च्या बसवल्या म्हणून खासदार वाढत नाहीत. इमारत उघडली तेव्हा घटनेच्या ८१ व्या कलमात कमाल मर्यादा ५५० ची होती. ती वाढवायची तर घटनादुरुस्ती लागते, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जागा वाढल्या तर दक्षिणेकडच्या राज्यांचा वाटा घटेल ही त्यांची भीती खोटी नाही. सुतारकाम झालं आहे, राजकीय काम त्याहून कितीतरी अवघड आहे.

नव्या इमारतीत महाराष्ट्राचं काय आहे?

लाकूड. सरकारने साहित्याची जी यादी दिली त्यात सागवानापुढे ‘नागपूर’ लिहिलेलं आहे. नागपूरच्या बाजारात येणारा चांगला साग म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला. जाड बुंध्याचा आणि तेलकट, म्हणून वाळवीला न जुमानणारा. तो तयार व्हायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. देशाच्या कायद्यांवर जिथे चर्चा होते तिथलं लाकूड आपल्या सर्वांत दुर्लक्षित भागातलं आहे, हे मला विसरता येत नाही.

याशिवाय फर्निचर मुंबईत तयार झालं, आणि शिखरावरच्या राजमुद्रेचं साहित्य औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि जयपूरहून आलं. ही राजमुद्रा कांस्याची, साडेसहा मीटर उंच, ९,५०० किलो वजनाची. तिचं अनावरण ११ जुलै २०२२ ला झालं. लाल-पांढरा वालुकाश्म राजस्थानातल्या सरमथुऱ्याचा, गालिचे मिर्झापूरकडचे, बांबूची जमीन त्रिपुरातली. लोकसभेची सजावट मोरावर, राज्यसभेची कमळावर बेतलेली आहे.

खर्च किती आला? कुणी बांधलं?

टाटा प्रोजेक्ट्सला ८६१ कोटी ९० लाखांच्या निविदेवर काम मिळालं. पायाभरणी १० डिसेंबर २०२० ला झाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात खटला चालू होता, त्यामुळे समारंभाला परवानगी, पण बांधकामाला नाही, अशी स्थिती होती. ५ जानेवारी २०२१ ला न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी प्रकल्पाला वाट करून दिली आणि त्याच महिन्यात काम सुरू झालं. पुढचे बरेच महिने कोरोनाचे होते. रुग्णालयांत खाटा मिळत नसताना हे काम चालू का, हा सवाल त्या वेळी अनेकांनी केला, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी तो विचारणं अगदी स्वाभाविक होतं.

उद्घाटनावर विरोधकांनी बहिष्कार का घातला?

उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते व्हावं, ही त्यांची मागणी होती. ते २८ मे २०२३ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं आणि सुमारे वीस पक्ष दूर राहिले. घटनेचं ७९ वं कलम सांगतं की संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन सभागृहं. राष्ट्रपतींचा संदेश समारंभात वाचून दाखवला गेला, पण त्या स्वतः तिथे नव्हत्या. ज्या संस्थेच्या व्याख्येतच राष्ट्रपती पहिल्या आहेत तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्या असायला हव्या होत्या, आणि विरोधकही. दोन्ही गोष्टी झाल्या असत्या तर मला अधिक आनंद झाला असता.

२८ मे ही तारीख का गाजली?

ती विनायक दामोदर सावरकरांची जयंती. त्यांचं तैलचित्र २००३ पासून सेंट्रल हॉलमध्ये आहे. तारखेवरूनही दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं.

अध्यक्षांच्या आसनाशेजारचा दंड कसला?

तो सेंगोल. चेन्नईच्या सराफांनी घडवलेला, शिरावर नंदी असलेला हा राजदंड १४ ऑगस्ट १९४७ ला तमिळनाडूच्या तिरुवावडुतुरै मठाच्या प्रतिनिधींनी पंडित नेहरूंना दिला होता. तो अनेक वर्षं अलाहाबादच्या संग्रहालयात होता. तो देणं म्हणजे अधिकृत सत्तांतराचीच खूण होती, हा सरकारचा दावा अनेक इतिहासकारांना मान्य नाही. भेट दिली गेली, यावर मात्र वाद नाही.

मे महिन्यात उद्घाटन झालं, मग पहिलं कामकाज कधी?

२०२३ चं पावसाळी अधिवेशन जुन्याच इमारतीत झालं. सप्टेंबरच्या विशेष अधिवेशनाचा पहिला दिवस, १८ तारीख, जुन्या सभागृहातल्या निरोपाच्या भाषणांचा होता, आणि १९ ला नव्यात प्रवेश. पहिलंच मोठं विधेयक महिलांना लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश आरक्षण देणारं. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध ०. नव्या घराची सुरुवात इतक्या एकमताने झाली याचं मला मनापासून समाधान आहे. फक्त त्या कायद्यातच अट घातली गेली की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना आणि त्यानंतर आरक्षण. संमत होऊनही बायकांना थांबायला सांगणारी ती अट मला तेव्हाही खटकली होती.

मतदान बटण दाबून होतं का?

सोय आहे. पण लोकसभेत महिला आरक्षणाचं मतदान चिठ्ठ्यांनी झालं. नव्या लोकसभेत यंत्रावरचं पहिलं मतदान १७ डिसेंबर २०२४ ला, ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना झालं : बाजूने २६९, विरोधात १९८.

पावसात छत गळलं होतं, ते खरं?

खरं. २०२४ च्या जुलैअखेरच्या मोठ्या पावसात लॉबीच्या काचेच्या घुमटातून पाणी टपकलं आणि खाली बादली ठेवलेला व्हिडिओ देशभर फिरला. काचेच्या सांध्यातला चिकटपदार्थ सरकला होता आणि दुरुस्ती केली, असं लोकसभा सचिवालयाने सांगितलं.

आत जाऊन कामकाज पाहता येतं का?

येतं, पण खासदाराच्या शिफारशीचा पास लागतो. अर्जावर खासदाराला लिहून द्यावं लागतं की या व्यक्तीला मी ओळखतो. दहा वर्षांखालच्या मुलांना गॅलरीत घेत नाहीत आणि मोबाइल आत नेता येत नाही.

१३ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे संसदेवरच्या २००१ च्या हल्ल्याला बरोबर बावीस वर्षं झाली त्या दिवशी, पास घेऊन आलेल्या दोघांनी गॅलरीतून सभागृहात उडी मारून पिवळा धूर सोडला. त्यानंतर पास काही काळ बंद केले गेले आणि २०२४ मध्ये आवाराची सुरक्षा सीआयएसएफकडे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे) गेली. म्हणून दिल्लीचं तिकीट काढण्याआधी खासदारांच्या कार्यालयात चौकशी करा. पोहोचल्यावर धावाधाव केलीत तर बहुतेक वेळा उपयोग होत नाही.

शिवाजी महाराजांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा कुठे गेला?

आवारातच आहेत. गांधीजी, डॉ. आंबेडकर, शिवाजी महाराज, जोतीराव फुले आणि इतरांचे पुतळे एकत्र करून ‘प्रेरणा स्थळ’ केलं आहे. १६ जून २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं. गांधीजींच्या पुतळ्यापाशी खासदार निदर्शनं करत, ती नेहमीची जागा गेली म्हणून विरोधकांनी आक्षेप घेतला होता.

मुलांना सांगण्यासारखं नव्या इमारतीत काय आहे?

लंबक. कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या छतापासून २२ मीटर उंचीवरून ३६ किलोचा गोळा टांगला आहे. कोलकात्याच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने तो बनवला. गोळा पुढे-मागे झुलतो आणि झुलण्याची दिशा हळूहळू वळत जाते. खरं तर वळत असते ती खालची पृथ्वी. दिल्लीच्या अक्षांशावर एक फेरा पुरा व्हायला ४९ तास ५९ मिनिटं १८ सेकंद लागतात. ध्रुवावर हेच साधारण चोवीस तासांत होईल, आणि विषुववृत्तावर दिशा वळणारच नाही. घरी दोरीला दगड बांधून हे दिसणार नाही, पण का दिसत नाही हे मुलांना विचारा. हवेचा अडथळा आणि आखूड दोरी, इथवर बरीच मुलं स्वतःहून पोहोचतात.

कामकाज मराठीत ऐकता येतं का?

येतं. सभागृहात खासदार मराठीत बोलू शकतात, आधी कळवलं की दुभाषी बसतात. इतरांची भाषणंही मराठीतून ऐकण्याची सोय आहे. २०२५ मध्ये कोकणीही या यादीत आली. घरबसल्या संसद टीव्हीवर थेट प्रक्षेपण असतं. आणि जुन्या चर्चा हव्या असतील, तर संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घटना समितीच्या कामकाजापासूनचे वृत्तांत मोफत उघडतात. तिथे २५ नोव्हेंबर १९४९ हा दिवस शोधा आणि बाबासाहेबांचं भाषण पूर्ण वाचा. मोठ्याने वाचलंत तर तासाभराच्या आत संपतं.